सायकलही मापाची लागते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात सायकल मार्गांविषयी बरंच येतं. कुठे मार्ग अर्ध्यात तुटतो, कुठे त्यावर दुचाक्या लागतात, कुठे पेव्हर ब्लॉक उखडलेत. २०१७ मध्ये महापालिकेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, तेव्हापासूनची कात्रणं माझ्याकडे आहेत. वाचकही तळमळीने लिहितात. पण या सगळ्यात एका गोष्टीबद्दल मी कधी वाचलं नाही, म्हणून आज स्वतःच लिहायला बसले आहे. रस्ता कितीही चांगला केला, तरी बसणाऱ्याच्या अंगाला सायकल मापाची नसेल, तर ती चार दिवसांत जिन्याखाली जाते.

मी कसबा पेठेत गेली ३४ वर्षं शिवणकाम करते. बहुतेक ब्लाऊजच. छातीचं माप बरोबर असूनही मुंढ्यात ओढणारा ब्लाऊज बाई घालत नाही. तिला कारण सांगता येत नाही, ती फक्त तो घडी करून कपाटात ठेवते. सायकलचंही हेच होतं, हे मला वयाच्या ५७ व्या वर्षी कळलं, आणि तेही एका रिकाम्या सांगाड्यापासून स्वतःच्या हाताने सायकल उभी केली तेव्हा.

माझी उंची पाच फूट. लहानपणी भावाच्या २२ इंची सायकलवर मधल्या नळीखालून पाय घालून हाफ पायडल शिकले. तेव्हा पुण्यात तासावर सायकल मिळायची, सकाळी लक्ष्मी रस्त्याने घंट्यांचा आवाज करत माणसांचे थवेच्या थवे जायचे. लग्नानंतर सायकल सुटली. पुढे भाड्याच्या रंगीत सायकली शहरात आल्या, तेव्हा मी हौसेने एकदा बसून पाहिलं. सीट खाली घेता येत होतं, पण हँडल तिथेच राहत होतं. दहा मिनिटांत मानेत कळ आली. मला वाटलं, आता आपलं वय झालं.

गेल्या वर्षी गुडघ्यासाठी डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली, म्हणून एका मोठ्या दुकानात गेले. नाव लिहीत नाही, कारण असं दुकान एकच नाही. तिथल्या मुलाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, ‘काकू, तुमच्या हाइटला मुलांची सायकल घ्या, नाहीतर बास्केटवाली लेडीज.’ मुलांच्या सायकलवर माझे गुडघे हँडलला लागत होते. बास्केटवाली मला उचलून पायरीवर चढवता येईना. मी विचारलं, माझं माप घेऊन त्याप्रमाणे बसवून देता येईल का? तो म्हणाला, ‘साइज येते ती येते.’ माझ्या दुकानात गिऱ्हाइकाला मी हे वाक्य बोलले असते, तर ३४ दिवससुद्धा टिकले नसते.

त्या रविवारी मी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मशीनच्या शटलसाठी गेले होते. तिथे एका ताडपत्रीवर पंख्याची पाती, नळ आणि कुलपं यांच्यामध्ये एक सायकलचा सांगाडा आडवा पडला होता. चाकं नाहीत, हँडल नाही, सीट नाही. फक्त सांगाडा आणि पुढचं चाक ज्यात बसतं तो चिमटा. निळा रंग, जागोजागी उडालेला. वरची नळी मागे उतरती. पिशवीतून टेप काढून मी सीटच्या नळीचं माप घेतलं, १५ इंच भरलं. मग नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहिले. टाचा जमिनीला टेकल्या होत्या आणि वर बोटभर जागा उरली. आयुष्यात पहिल्यांदा सायकलची वरची नळी मला टोचली नव्हती. नऊशे रुपयांत तो सांगाडा खांद्याला अडकवून घरी आणला.

तांबट आळीजवळ एक सायकल दुकान आहे. आठ बाय दहाचा गाळा, त्यात सत्तरी ओलांडलेले काका. मी लहान असल्यापासून ते तिथे आहेत. आळीत तांब्यावर हातोड्यांचा ठोका सुरू असतो आणि इकडे काका चाकाचा आऊट काढत, म्हणजे डुलणारं चाक सरळ करत असतात, हा आवाज माझ्या सगळ्या बालपणाला पुरलेला आहे. सांगाडा बघून त्यांनी तो आधी दोरीने मोजला. पुढच्या नळीपासून मागच्या चाकाच्या खाचेपर्यंत दोरी नेली, सीटच्या नळीपासून किती अंतर पडतं ते डावीकडून आणि उजवीकडून ताडून पाहिलं. ‘सांगाडा सरळ आहे, ताई. लोखंड चांगलं आहे. पण मी जोडून देणार नाही. माझे हात कापतात आता. तुम्ही जोडा, मी सांगतो.’

मी नको म्हणाले नाही. शिवणकामही मी असंच शिकले होते, शेजारी बसून.

पहिला धडा मधल्या एक्सलचा. पायडलचे दांडे ज्या एक्सलवर बसतात, तो सांगाड्याच्या तळाशी असलेल्या आडव्या नळीत राहतो. ती नळी माझ्या सांगाड्याची ६८ मिलिमीटर रुंद होती. तिच्या दोन्ही तोंडांना आतून आटे असतात, इंचाला २४, आणि त्यात दोन कप पिळून बसवायचे. प्रत्येक कपात ग्रीस भरून पाव इंची अकरा छर्रे लावायचे. डावा कप नेहमीसारखा बसतो. उजव्याचे आटे उलटे असतात. हे काकांनी मला सांगितलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी ते जेवायला गेले असताना सवयीने माझा हात सरळ फिरला. कप बसेना, म्हणून उलटा फिरवला, पण तो थोडा वाकडा धरला गेला होता, त्यामुळे एका कडेने आट्यात शिरला, दीड फेरा बसला आणि जड झाला. कापडात सुई अडली की मी मशीन थांबवते. इथे लोखंड आहे, जोर लावायचाच असतो, असं वाटून मी पान्यावर दोन्ही हात टाकले. करकर आवाज आला. ग्रीसमध्ये चांदीच्या भुकटीसारखी बारीक कणी दिसली, तेव्हा थांबले.

काका परत आले, काही बोलले नाहीत. कप काढला, उलट्या आट्यांचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार घेतलं, तेल सोडलं. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, पुन्हा अर्धा पुढे, असं करत आटे साफ करून घेतले. वीस मिनिटं लागली. त्या टॅपचा जोड त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी घेतलेला. तो नसता, तर माझा सांगाडा त्या दिवशी भंगारात गेला असता. आज हा टॅप किती सायकलवाल्यांकडे असेल? पेठेतल्या तीन ठिकाणी मी विचारलं, तिघांकडेही नव्हता.

उलटे आटे कशासाठी, हेही त्यांनी दाखवलं. माझ्या हातातली एक बांगडी मागितली, ती आडवी धरली आणि तिच्या आतून पेन्सिल टेकवून गोल फिरवली. पेन्सिल बांगडीत घड्याळाच्या दिशेने जात होती, पण स्वतःभोवती उलटी वळत होती. म्हणाले, पायडलची दांडी भोकात अशीच घरंगळते. उजव्या पायडलचे आटे सरळ आणि डाव्याचे उलटे ठेवले, म्हणजे ते घरंगळणं दोघांनाही आवळतच नेतं. नाहीतर चालता चालता डावं पायडल निघून हातात येईल. मधल्या उजव्या कपचंही कारण त्याच जातीचं. मी दहावीपर्यंत विज्ञान शिकले, पण एखादी गोष्ट अशी बांगडीत मला कुणी दाखवली नव्हती.

मानेचे कप बसवताना आणखी एक युक्ती पाहिली. सांगाड्याच्या पुढच्या नळीत वर आणि खाली एकेक कप ठोकून बसवायचा असतो. हातोडीने ठोकला तर तो तिरका जातो आणि हँडल जन्मभर अडकत फिरतं. काकांकडे एक हातभर लांब आटेवाली सळई आहे. तिला दोन्ही टोकांना जाड वॉशर आणि नट लावायचे, मधे कप आणि नळी धरायची आणि नट हळूहळू आवळत जायचं. कप दोन्हीकडून सरळ आत जातो, एकही ठोका लागत नाही. सळई, वॉशर आणि नट बोहरी आळीतून आणलेले. बाजारात यासाठी मिळणारं खास हत्यार महाग असतं, काकांचं दीडशे रुपयांत झालं आहे.

चाकांनी मात्र मला खूप दमवलं, आणि तिथेच मला सर्वांत जास्त शिकायला मिळालं. दुकानात जाऊन ‘२६ इंची रिम द्या’ म्हणाले, त्यांनी दिली. घरी चिमट्यात धरून पाहिली, तर ब्रेकचे रबर रिमला लागायच्या ऐवजी खाली स्पोकच्या तारांवर येत होते. मला वाटलं ब्रेक चुकीचे आहेत. काकांनी टायरची कड बोटाने पुसली आणि मला वाचायला लावली. एका टायरवर बारीक अक्षरात ३७-५९०, दुसऱ्यावर ४७-५५९. दोन्हींवर मोठ्या अक्षरात २६ च लिहिलेलं! पण एकाची बैठक, म्हणजे टायर रिमवर बसतं ती जागा, ५९० मिलिमीटर व्यासाची, दुसऱ्याची ५५९. जुन्या लेडीज सायकलींना येते ती ५९० ची, रुंदीला पावणेदोन इंच नव्हे, एक पूर्णांक तीन अष्टमांश. आणि माझ्या सांगाड्याला हवी ती ५५९ ची, पावणेदोन इंची. ब्रेक बसवायच्या खुंट्या सांगाड्याला आणि चिमट्याला कायमच्या जोडलेल्या असतात, त्यामुळे रबर फार वर-खाली सरकत नाही. ३१ मिलिमीटरचा फरक व्यासात, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेपंधरा. एवढ्या फरकात ब्रेक लागणारच नाही.

कपड्यात ३६ म्हणजे प्रत्येक कंपनीची वेगळी ३६ असते, ते मी गिऱ्हाइकांना रोज समजावते. तरी मी फसले. नवीन माणसाने एवढं एक लक्षात ठेवावं, टायर घेताना मोठा आकडा बघू नये, कडेला असलेला तो तीन अंकी आकडा बघावा.

रिम बदलून आणली (दुकानदाराने कुरकुर केली, पण घेतली) आणि स्पोक भरायला बसले. एका चाकाला ३६ स्पोक. चाकाच्या मधल्या हबला दोन तबकड्या, प्रत्येकीला १८ भोकं. पावसाळ्याची संध्याकाळ होती, दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, मी शिलाई मशीनच्या उजेडात चाक मांडीवर घेतलं. काकांनी सांगितलं तसं पहिले नऊ स्पोक एकाआड एक भोकातून खाली सोडले, रिमच्या प्रत्येक चौथ्या भोकात अडकवले आणि निपल, म्हणजे स्पोकच्या टोकाचे बारीक नट, दोन-दोन फेरे पिळले. चाक अजून लुळं होतं, हलवलं की खुळखुळत होतं. मग दुसऱ्या तबकडीचे नऊ. मग हब हाताने थोडा पिळला आणि एकदम सगळे अठरा स्पोक तिरके होऊन ताणले गेले. चाकाने पहिल्यांदा आकार धरला तो क्षण मला फार आवडला. पुढचे स्पोक उलट दिशेने जातात. प्रत्येक नवा स्पोक वाटेत तिघांना ओलांडतो. पहिल्या दोघांच्या वरून आणि तिसऱ्याच्या खालून. ते वाकवून खाली घालताना मला हात सांगत होता, हा विणीचा टाका आहे.

रात्री साडेदहाला छत्तिसावा स्पोक बसला. सकाळी ट्यूब घालून हवा भरायला गेले, तर पंपाचं तोंड व्हॉल्व्हवर बसेना. व्हॉल्व्हचं भोक नेमकं दोन स्पोक एकमेकांकडे झुकतात तिथे आलं होतं. ते समांतर जाणाऱ्या स्पोकांच्या मधल्या मोकळ्या जागेत यायला हवं. सुरुवात एका भोकाने चुकली की शेवट असा होतो. सगळे ३६ सोडले आणि पुन्हा भरले. दुसऱ्यांदा पावणेदोन तास लागले, तिसऱ्यांदा मागच्या चाकाला सव्वा तास.

आऊट काढणं हे त्याच्याही पुढचं काम. चाक स्टँडला लावायचं, फिरवायचं आणि रिम कुठे टेकते ते बघायचं. उजवीकडे झुकली तर तिथला डावा स्पोक पाव फेरा आवळायचा, उजवा पाव फेरा सैल करायचा. कधीही एकदम एक फेरा नाही. मागच्या चाकाला उजवीकडे फ्रीव्हील, म्हणजे दात्यांच्या चकत्यांचा गठ्ठा असल्यामुळे उजवे स्पोक डाव्यांपेक्षा जास्त ताणावे लागतात, नाहीतर रिम मधोमध येत नाही. काका शेवटी डोळे मिटून नखाने एकेक स्पोक छेडतात. एका बाजूचे सगळे स्पोक साधारण एका सुरात वाजले पाहिजेत. तांबट आळीतली माणसं भांडं ठोकताना आवाजावरून पत्रा ओळखतात, तसंच हे. माझ्या चाकात चार स्पोक बसक्या आवाजाचे निघाले. ते सुरात आणायला मला दोन दुपारा लागल्या.

बाकीचं लवकर झालं. मागे १४ ते २८ दात्यांचं सात गिअरचं फ्रीव्हील, पुढे ३६ दात्यांची एकच चकती. सर्वांत हलक्या गिअरला पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे २.६ मीटर पुढे जाते, सर्वांत जड गिअरला ५.३. केबल घालणं सोपं. चेन कापताना एक कडी जास्त काढली गेली, नवी जोडकडी दहा-वीस रुपयांत आली.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे त्या भागाकडे येते. सायकल उभी राहिल्यावर काका म्हणाले, ‘आता माप बसवा. हे तुमचं काम.’ त्यांची पद्धत जुनी. सीट काखेत धरायचं आणि हात सरळ करून बोटांची टोकं मधल्या एक्सलला लागतात का बघायचं. कोपर सीटच्या नाकाला टेकवायचं आणि बोटं हँडलच्या नळीला पोचतात का बघायचं. मी टेपने मोजलं. जांघेपासून जमिनीपर्यंत माझा पाय ७१ सेंटिमीटर. सायकलपटू त्याला ०.८८३ ने गुणून एक्सलपासून सीटपर्यंतची उंची काढतात, ती आली ६२.७. काकांच्या काखेच्या मापात आणि माझ्या गणितात अर्ध्या इंचाचाही फरक नव्हता. मला त्याचं मनापासून नवल वाटलं.

आणि तीन बदलांनी सगळा फरक पडला. पायडलचे दांडे बहुतेक मोठ्या सायकलींना १७० मिलिमीटरचे येतात, मग बसणारा सहा फुटी असो की पाच फुटी. माझ्या पायाला ते लांब होतात, वरच्या टोकाला गुडघा पोटापर्यंत येतो आणि दुखतो. काकांनी १५२ चे दांडे शोधून दिले. हँडल सांगाड्याला जोडणारा पुढचा आखूड दांडा बदलून आणखी आखूड घेतला, त्यामुळे मानेवरचा ताण गेला. आणि ब्रेकच्या लिव्हरमध्ये एक बारीकसा स्क्रू असतो, तो आत घेतला की लिव्हर मुठीजवळ येते. माझी बोटं आखूड आहेत; नव्या सायकलींवर ब्रेक दाबायला मला मूठ सोडावी लागायची. हा स्क्रू बऱ्याच सायकलींना आधीपासून असतो. तो फिरवून देणं एका मिनिटाचं काम आहे. एवढ्या वर्षांत एकाही दुकानात कुणी तो मला दाखवला नाही, आणि बाई उतारावर घाबरते म्हणून तिला स्कूटर घ्यायला सांगितलं जातं.

जूनमध्ये सुरू केलेलं काम नवरात्रात संपलं. सगळे मिळून ११,८५० रुपये झाले, वहीत लिहून ठेवलेत. खंडेनवमीला मशीन, कात्री आणि टेपच्या शेजारी पाने, स्पोक चावी आणि सायकल ठेवून पूजा केली. दसऱ्याला पहाटे साडेपाचला निघाले. कसबा गणपतीला नमस्कार करून, शनिवारवाड्यावरून शिवाजी पुलाने पलीकडे, तिथून सेनापती बापट रस्त्याला लागून चतुःशृंगीपर्यंत. त्या रस्त्याच्या चढावर पूर्वी मी रिक्षातच बसलेली असायचे. दुसऱ्या गिअरवर न उतरता चढले. गुडघा दुखला नाही. देवीच्या पायथ्याशी थांबून मी चाकाकडे बघितलं, ते सरळ फिरत होतं.

काकांनी मजुरी घेतली नाही. म्हणून खाकी कॅनव्हासची एक गुंडाळी शिवून दिली, प्रत्येक पान्याला वेगळा कप्पा, मापाप्रमाणे.

संपादक महोदय, दिवाळीनंतर तो गाळा बंद होतो आहे. इमारत पुनर्विकासाला जाणार. काकांचा मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे, तो हे करणार नाही आणि त्याला दोष देता येत नाही. सायकली विकणारी दुकानं वाढली, पण आऊट काढणारे, आटे पाडणारे, दोरीने सांगाडा मोजणारे हात पेठेत दोन-तीन उरलेत. कर्वेनगरला जुन्या सायकलींचं सुंदर संग्रहालय आहे, मी नातीला घेऊन जाऊन आले. तिथे जपलेल्या त्या सगळ्या सायकली कुणीतरी हाताने जोडल्या, हाताने दुरुस्त केल्या, म्हणून टिकल्या. ती विद्या मात्र काचेच्या कपाटात ठेवता येत नाही.

माझं मागणं मोठं नाही. शहरात महापालिकेची पंधरा क्षेत्रीय कार्यालयं आहेत. प्रत्येकाच्या हद्दीत मनपा शाळेची एखादी खोली संध्याकाळी रिकामी असतेच. तिथे एक टेबल, एक शिकंजा, चाकाचा एक स्टँड आणि सात-आठ हत्यारं ठेवावीत: कपचे पाने, आट्यांचे टॅप, फ्रीव्हील काढायचं टूल, चेन तोडायचं टूल, स्पोक चाव्या. एरवी घरात कुणी ही विकत घेणार नाही, कारण वर्षात दोनदा लागतात. हातपंप आणि ग्रीसचा डबा. काकांसारख्या जुन्या कारागिरांना तासावर मानधन देऊन आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथे बसवावं. ज्याची सायकल बिघडली त्याने यावं आणि शेजारी बसून स्वतः करावं. एका सायकल मार्गाच्या फरशीला जो खर्च येतो, त्याच्या तुलनेत हा फार लहान असणार. औंधच्या शासकीय आयटीआयमध्ये फिटर, वेल्डर तयार होतात. सायकल जोडणी आणि माप बसवणं हाही एक छोटा विषय मुलामुलींना शिकवता येईल.

आणि दुकानदारांना विनंती, गिऱ्हाइकाच्या पायाचं माप घ्या. टेप वीस रुपयाला मिळतो. आखूड दांड्यांचे चार जोड दुकानात ठेवा. माझ्याकडे ब्लाऊज शिवायला येणाऱ्यांत धुणीभांडी करणाऱ्या आहेत, अंगणवाडीच्या सेविका आहेत, पोळ्या लाटायला तीन-तीन घरी जाणाऱ्या आहेत. रोज चार-पाच किलोमीटर चालतात नाहीतर शेअर रिक्षाला पैसे घालतात. त्यांतल्या एकीच्या घरी मुलाची सायकल नुसती उभी होती. गेल्या महिन्यात तिचं सीट, हँडल आणि तो लिव्हरचा स्क्रू मी बसवून दिला. ती आता सोमवार पेठेतून डेक्कनला सायकलने जाते. तिचा महिन्याचा रिक्षाचा खर्च हजाराच्या वर होता.

काकांचा चाकाचा स्टँड, टॅपचा जोड आणि खाकी गुंडाळी सध्या माझ्या दुकानात आहे. महापालिकेने खोली दिली, तर सगळं तिथे नेऊन ठेवायला ते आणि मी तयार आहोत. तोपर्यंत शनिवारी दुपारी चारनंतर मी शिवण बाजूला ठेवते. ज्यांना स्पोक भरायला किंवा आऊट काढायला शिकायचं असेल, त्यांनी आपलं चाक घेऊन यावं. येताना रिमचा तो तीन अंकी आकडा बघून ठेवावा.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक
कसबा पेठ, पुणे